तान्ह्या बाळाची शुश्रूषा आणि संसर्ग

विनयपिटकातील महावग्गात पोटाच्या विकाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्खूची कथा आहे. भगवान बुद्धांनी आनंदाच्या साहाय्याने त्याला स्वहस्ते स्नान घातले, हे आपण प्रवचनांतून ऐकतो. त्याच प्रकरणात शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण दिले आहेत, तिकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. औषध तयार करता यावे, पथ्य-कुपथ्य कळावे, मनात लोभ नसून मैत्री असावी, मलमूत्र, थुंकी, वांती उचलताना किळस येऊ नये आणि धम्माच्या शब्दांनी धीर देता यावा.

चौथ्या गुणाला आजच्या ज्ञानाची जोड द्यावी, असे आम्हांस वाटते. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना संसर्ग झाला व १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच सापडला होता, पण तो पिसवांमार्फत पसरतो हे १८९८ मध्ये पुढे आले. सावित्रीबाईंना सावध करील असे ज्ञानच तेव्हा नव्हते.

तान्ह्या मुलांची छाती भरण्यामागे पुष्कळदा आरएसव्ही नावाचा विषाणू असतो. मोठ्यांना त्याने साधे पडसे होते, म्हणून कोणी मनावर घेत नाही. आणि तेच काका-आत्या बाळाचा मुका घेतात! हा विषाणू खोकल्याच्या तुषारांतून जातो, तसाच हातांवरूनही. पाळण्याच्या दांडीवर तो काही तास टिकतो. म्हणून बाळाला घेण्याआधी आणि त्याचे नाक पुसल्यावर साबणाने वीस सेकंद हात धुवावेत. रुग्णालयात परिचारिकेने हातमोजे घातले असले, तरी एका बाळाकडून दुसऱ्याकडे जाताना ते बदलून हात स्वच्छ करायचे असतात. नातलगांनीही शेजारच्या खाटेवरचे बाळ कौतुकाने उचलू नये.

आईला सर्दी असली तरी अंगावरचे दूध तोडू नये. नाकातोंडावर मास्क बांधून, हात धुऊन पाजावे. खोली कोंडून ठेवू नये. वंदनेच्या अगरबत्तीचा धूरही बाळापासून दूर असावा. श्रद्धेला त्याने उणेपणा येत नाही. बाबासाहेबांच्या १९३७ च्या मुक्कामाच्या स्मरणार्थ ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आपण जातो. दिवस पावसाळ्याचे, गर्दी मोठी. दोन-तीन महिन्यांचे बाळ त्या दिवशी घरीच ठेवावे, आणि दरवर्षी आईनेच मागे राहावे असेही नाही, वडिलांनीही थोडा वेळ सांभाळावे.

बाळ शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आत ६० वा अधिक, पुढे वर्षापर्यंत ५० वा अधिक भरले, छाती आत ओढली जात असली किंवा बाळ पीत नसले, तर रात्र असली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे.