जेवण तेच, तरी पोट का सुटतं?

प्रश्न : वय ५२. पाळी थांबली, जेवण पूर्वीइतकंच, तरी पोट सुटलंय. रात्रीचं जेवण बंद करू का?
– एक वाचक, सिडको, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ताई, जेवण बंद करू नका. वयानुसार स्नायू घटतात आणि पाळी थांबल्यावर चरबी पोटावर साठू लागते. उपाशी राहिलात तर स्नायू आणखी झडतील. एक भाकरी कमी करा, पण घट्ट वरण, मटकीची उसळ वाढवा. हिमायत बागेत फिरायला जरूर जा. मात्र तेवढ्यानं भागत नाही. आठवड्यातून दोनदा तरी हात न टेकता खुर्चीवरून दहा-दहा वेळा उठबस करा. गुडघे दुखत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. काट्यापेक्षा कंबर मोजा. ८० सेंटिमीटरच्या आत हवी. थायरॉइड आणि साखर एकदा तपासून घ्याच, घाटी रुग्णालयातही सोय आहे.