पगार किती, त्याआधी तो ठरवतं कोण

सातारा

चि. मनू हिस,


तुझं पत्र मिळालं. गावातल्या पतसंस्थेच्या कर्ज विभागात लिपिकाची जागा तुला देऊ केली आहे, शहरातल्या एका फायनान्स कंपनीचंही बोलावणं आलंय, आणि दादा म्हणतो की सरकारी बँकेच्या परीक्षेशिवाय दुसरं काही मनात आणू नकोस. तू विचारलंस, "काका, यात जास्त पगार कुठे?" माझी सगळी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मला मनापासून द्यावंसं वाटतं. पण आकडा विचारण्याआधी तो आकडा कोण ठरवतं हे विचारायला शीक. कर्ज विभागातलं काम तिन्ही ठिकाणी बरंचसं सारखं असतं. अर्ज घेणं, कागदपत्रं तपासणं, जामीनदार पाहणं, खातं उघडणं, हप्त्यांवर लक्ष ठेवणं. एवढं असूनही तिन्ही ठिकाणचा मोबदला वेगळा असतो, कारण तो ठरवण्याची रीत वेगळी असते.

आधी सरकारी बँक घेऊ. तिथे लिपिकाचा पगार शाखाधिकारी ठरवत नाही आणि त्या बँकेचा अध्यक्षही ठरवत नाही. तो बँकांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यातल्या करारातून ठरतो. हे आपसूक घडलेलं नाही. १९४६ साली बँक कर्मचाऱ्यांची अखिल भारतीय संघटना कलकत्त्यात उभी राहिली, पुढे पगाराच्या वादांवर शास्त्री निवाडा आणि देसाई निवाडा आले, आणि १९६६ च्या ऑक्टोबरात पहिला द्विपक्षीय करार झाला. सध्याचा करार बारावा. त्यावर ८ मार्च २०२४ रोजी सह्या झाल्या, पण तो १ नोव्हेंबर २०२२ पासून लागू धरला गेला, म्हणून मधल्या काळाचा फरक कर्मचाऱ्यांना मिळाला. तुला पहिल्या महिन्यापासून जो पगार मिळेल, त्यामागे तुझ्या आधीच्या पिढ्यांचे संप आणि वाटाघाटी आहेत, एवढी जाण ठेव.

या करारानुसार लिपिकाचं मूळ वेतन २४,०५० रुपयांपासून सुरू होतं आणि वेतनवाढी घेत घेत ६४,४८० रुपयांपर्यंत जातं. त्या टोकाला पोचायला जवळजवळ दोन दशकं लागतात. पदवीधराला दोन वेतनवाढी आधीच मिळतात, म्हणजे तुझी सुरुवात २६,७३० रुपयांवर होईल. त्यावर महागाई भत्ता, विशेष भत्ता, घरभाडे भत्ता आणि प्रवास भत्ता. महागाई भत्ता औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाला बांधलेला आहे आणि दर तीन महिन्यांनी बदलतो, त्यामुळे बाजारभाव वाढले की पगारही थोडा सरकतो. जेएआयआयबी आणि सीएआयआयबी या परीक्षा पास झालीस की आणखी वेतनवाढी मिळतात. अशी वेतनवाढ सुरुवातीच्या वर्षांत मिळाली, तर ती पुढच्या प्रत्येक महिन्यात तुझ्याबरोबर चालते आणि महागाई भत्ताही तिच्यावर मोजला जातो. म्हणून त्या परीक्षा पुढे ढकलू नयेत.

एक गोष्ट मात्र नीट समजून घे. सरकारी बँकेत कर्जाच्या टेबलावर बसलीस म्हणून रोखपालापेक्षा किंवा पासबुक भरणाऱ्यापेक्षा वेगळी वेतनश्रेणी मिळत नाही. श्रेणी सगळ्या लिपिकांची एकच. काही जबाबदारीच्या पदांना विशेष वेतन असतं, तेवढाच फरक. मग कर्ज विभाग का निवडायचा? कारण बढतीच्या वेळी जे ज्ञान लागतं, ते तिथे मिळतं. आज अधिकारी श्रेणीची सुरुवातच ४८,४८० रुपये मूळ वेतनावर होते. आपल्या घरांतल्या पुष्कळ मुली बदली नको म्हणून बढतीचा अर्जच करत नाहीत. घराची अडचण खरी असते, हे मला कळतं. पण तो निर्णय लग्नाआधीच, नुसत्या धास्तीने घेऊ नकोस. ज्या वर्षी संधी येईल, त्या वर्षी परिस्थिती पाहून घे.

आता पतसंस्था. दादाला वाटतं तशी ती कमी दर्जाची जागा नाही. आपल्या भागातला छोटा दुकानदार, भाजीवाला, रिक्षावाला यांना पहिलं कर्ज बहुतेक वेळा तिनेच दिलेलं असतं. पण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिच्यावर देखरेख सहकार खात्याची असते, रिझर्व्ह बँकेचा परवाना तिला नसतो, आणि बँकेतल्या ठेवींना असतं ते पाच लाखांपर्यंतचं विमासंरक्षणही तिच्या ठेवींना नसतं. पगार संचालक मंडळ आणि संस्थेचे सेवानियम ठरवतात. ठेवी किती, शाखा किती, वसुली कशी, यावर तो हलतो. शेजारच्या दोन गावांतल्या दोन संस्थांत त्याच कामाला खूप वेगळे पगार असू शकतात. नागरी सहकारी बँकांचंही थोडंफार असंच आहे. कर्मचारी संघटना बळकट आणि बँक सुस्थितीत असेल तर तिथले वेतनकरार चांगले असतात, नसेल तर वर्षानुवर्षं वाढ होत नाही.

म्हणून संस्थेचा वार्षिक अहवाल मागून घे. तो सभासदांसाठी छापतात, मिळायला अवघड नाही. त्यात थकबाकीचं पान आधी उघड. बँकांच्या नियमाप्रमाणे हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की ते कर्ज अनुत्पादक ठरतं. मग त्यावरचं व्याज हाती येईपर्यंत उत्पन्नात धरता येत नाही, आणि नफ्यातून तरतूद बाजूला काढावी लागते. ही तरतूद वाढत गेली की सगळ्यात आधी कात्री लागते ती बोनसला आणि पगारवाढीला. आणखी बिघडलं तर संस्थाच राहत नाही. पुण्यातल्या रुपी बँकेचा परवाना २०२२ साली रद्द झाला, तेव्हा ठेवीदारांबरोबर कर्मचाऱ्यांच्या घरांवरही संकट आलं. चुकीची कर्जं वाटली गेली की त्याची किंमत टेबलावर बसलेली माणसंही मोजतात.

फायनान्स कंपनीचा आकडा तुला तिन्हींत मोठा दिसला असेल. तो दोन भागांत वाचायचा असतो. ठरावीक पगार किती आणि कर्जवाटपावर किंवा वसुलीवर मिळणारा मोबदला किती? दुसरा भाग तुझ्या हातात नसतो. पाऊस लांबला, बाजार थंडावला किंवा वरून उद्दिष्ट वाढवलं की तो आटतो. शिवाय वार्षिक पॅकेज म्हणून जो आकडा सांगतात, त्यात बहुधा कंपनीने भरायचा भविष्य निर्वाह निधी, विमा, उपदान हे सगळं मिळवलेलं असतं. त्यामुळे हाती किती येणार, हे स्वतंत्र विचार. अशा जागा वाईट असतात असं मी म्हणत नाही. तिथे काम झपाट्याने शिकता येतं आणि हुशार माणूस लवकर वर जातो. पण वाटप वाढवायचं म्हणून अपुऱ्या कागदांवर कुणी तुझी सही मागितली, तर कितीही मोबदला असला तरी ती देऊ नकोस. मोबदला त्या महिन्यात संपतो, सही फाईलमध्ये कायम राहते.

मग पगार वाढवायला तुझ्या हातात काय आहे? आपल्या कामातली बारकाई. वचनचिठ्ठीची मुदत तीन वर्षांची असते. ती संपण्याआधी कर्जदाराकडून कर्ज मान्य असल्याची लेखी कबुली घेतली नाही, तर दावा मुदतबाह्य होतो. मालकीचे मूळ दस्त ठेवून गहाण घेतलं की महाराष्ट्रात त्याची सूचना ३० दिवसांत दुय्यम निबंधकाकडे दाखल करावी लागते. सहकारी संस्थेला सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला हवा असेल, तर खातेउतारा, कर्जरोखा, नोटिशीची पोच हे सगळं जागच्या जागी असावं लागतं. हे ज्या लिपिकाला पाठ असतं, तिच्याकडे शाखाधिकारी स्वतः उठून विचारायला येतात. सातबारा वाचता येणं, व्यापाऱ्याचा ताळेबंद पाहून त्याला हप्ता झेपेल का हे कळणं, कर्जदाराचा पतअहवाल समजणं, या गोष्टी कुठल्याही नोकरीत तुझ्याबरोबर येतात. सहकारात राहायचं ठरवलंस तर सहकार खात्याची जी. डी. सी. अँड ए. ही पदविका परीक्षा जरूर दे. पदवीधरांना ती देता येते आणि सहकारी संस्थांत तिला मान आहे.

पगाराच्या आकड्याबाहेरचं वेतनही मोज. १ एप्रिल २०१० रोजी किंवा त्यानंतर सरकारी बँकेत लागलेल्यांना जुनं निवृत्तिवेतन नाही, राष्ट्रीय पेन्शन योजना आहे. तिच्यात बँक १४ टक्के भरते आणि कर्मचारी १० टक्के. बाकी दोन ठिकाणी भविष्य निर्वाह निधी कापतात का, आणि तो खरोखर भरतात का, हे विचार. दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेत पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा हा कायद्याने दिलेला हक्क आहे. मुलाखतीत विचारायला लाजू नकोस. जी संस्था या प्रश्नाने नाराज होते, तिची ओळख तिथेच पटली असं समज.

माझा सल्ला असा. पतसंस्थेचा अहवाल स्वच्छ असेल, सेवानियम लेखी असतील आणि निधी नियमित भरला जात असेल, तर ती जागा घे. घरून जाता येईल, खर्च कमी राहील, काम हाताखालून जाईल. पण बँकेच्या लिपिक भरतीची परीक्षा सोडू नकोस. सर्वसाधारण गटात वयाची मर्यादा २८ वर्षांची आहे, तुझ्याकडे अजून पुरेसा अवधी आहे. सकाळचे दोन तास त्या अभ्यासाचे, आणि दिवसभराचं काम हा त्याचाच सराव मान. फायनान्स कंपनीला सध्या नम्रपणे नकार कळव.

नेमणूकपत्र आलं की सही करण्याआधी मला दाखव. मूळ वेतन, भत्ते, वाढीची तारीख, परिविक्षेचा काळ, नोटिशीची मुदत, निधी आणि रजा, या सात गोष्टी त्यात लिहिलेल्या असायला हव्यात. एखादी नसेल तर ती लिहून मागण्याचं पत्र आपण दोघं मिळून तयार करू.

दादा-वहिनींना नमस्कार.

तुझा,
काका