घराण्याची वही : कशी लिहावी, कशी वाटावी

आपल्या समाजातील बहुतेक घरांत आजोबांच्या वडिलांपर्यंतची नावे सांगता येतात. त्यापुढचे विचारले की थोरली माणसे एकमेकांकडे पाहू लागतात. विसाव्या शतकाच्या आरंभापासून मराठीत अनेक घराण्यांचे कुलवृत्तांत छापले गेले. त्यांत आपली घराणी नाहीत. वास्तविक गावाच्या शिवेचा वाद निघाला की पूर्वी महाराची साक्ष महत्त्वाची मानीत. ज्यांनी साऱ्या गावाची शीव लक्षात ठेवली, त्यांच्या स्वतःच्या पिढ्या मात्र कोणी लिहून ठेवल्या नाहीत. हे काम आता आपणच करावयाचे आहे. मी इतिहास संशोधक नाही, बँकेतील एक कारकून आहे. परंतु वीस-बावीस वर्षे घराण्याची वही लिहिताना जे शिकलो आणि जे चुकलो, ते विद्यार्थी मित्रांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे मांडतो.

माझी चूक

प्रथम चूक सांगतो. तरुणपणी मी आजोबांच्या थोरल्या भावाची शाळेतील नोंद पाहण्यास गेलो. शाळेच्या जनरल रजिस्टरात नाव होते ‘सख्या भाग्या’. माझ्या मनाला ते लागले. गावातील इतर मुलांची नावे ‘राव’ आणि ‘जी’ लावून लिहिलेली आणि आमच्या माणसाचे असे! मी माझ्या वहीत ‘सखाराम भागाजी’ असे लिहून घेतले आणि समाधानाने घरी आलो.

पुढे चुलत भावाच्या मुलीचे जात पडताळणीचे प्रकरण निघाले. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, हे आपणांस ठाऊक आहेच. वंशावळीचे प्रतिज्ञापत्र माझ्या वहीवरून टाईप झाले. शाळेच्या उताऱ्यावर ‘सख्या’ आणि प्रतिज्ञापत्रावर ‘सखाराम’. दोन्ही व्यक्ती एकच कशावरून, असा प्रश्न आला. प्रश्न रास्तच होता. मुलीच्या प्रवेशाची तारीख जवळ येत होती आणि तिचे वडील माझ्याकडे काही न बोलता पाहत होते. ती नजर मी विसरलेलो नाही.

सोडवणूक अनपेक्षित ठिकाणाहून झाली. मुंबईच्या आतेभावाकडे आत्याच्या ट्रंकेत वतनाच्या जमिनीच्या फेरफाराची जुनी नक्कल होती. तीत ‘सखाराम ऊर्फ सख्या’ असे नाव भावांसह लिहिलेले होते. तो कागद किती वर्षे तेथे पडून होता! आम्ही कधी विचारले नाही, त्यांनी कधी दाखविला नाही. या एका प्रसंगातून मला दोन धडे मिळाले. कागदावर जसे आहे तसेच उतरवावे, हा पहिला. आणि जे मिळाले ते भाऊबंदांत वाटावे, हा दुसरा.

आठवणींपासून आरंभ

कागद थांबतील, म्हातारी माणसे थांबणार नाहीत. म्हणून प्रथम त्यांच्याजवळ बसावे. ‘सन कोणते?’ असे विचारू नये. ‘मानमोडीच्या आधी की नंतर?’ असे विचारावे. मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. तिच्या आठवणी आजच्या वृद्धांनी आपल्या आई-आजीकडून ऐकलेल्या असतात. पुढच्या काळासाठी १९५६ ची धम्मदीक्षा, मुळा धरणाचे काम आणि बहात्तरचा दुष्काळ या आपल्या भागातील खुणा आहेत. येसकरकीची पाळी कोणत्या घरानंतर कोणत्या घराकडे जाई, हेही विचारावे. त्या क्रमावरून भाऊबंदकीच्या शाखा ध्यानात येतात.

बायकांना अवश्य विचारावे. कचेरीसाठी केलेल्या वंशावळीत बहुधा पुरुषांचीच नावे असतात. आजीचे माहेर, आत्यांची सासरे, दुसरेपणाची लग्ने हे सारे घरातील स्त्रियाच जाणतात. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगावच्या कार्यकर्त्या स्त्रियांना भेटून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ १९८९ साली प्रसिद्ध केला. त्या स्त्रियांना कोणी विचारले नसते, तर तो इतिहास त्यांच्याबरोबरच गेला असता.

कागद कोठे पाहावेत

(१) शाळेचे जनरल रजिस्टर. दाखला आणि रजिस्टरचा उतारा या दोन्हींची नक्कल घ्यावी.

(२) जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, म्हणजे गाव नमुना नंबर १४. या तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात पाहाव्यात. काही मोडी लिपीत असतात. मोडी वाचणाऱ्या जाणकाराची मदत घ्यावी.

(३) फेरफार, म्हणजे गाव नमुना ६, आणि वारस नोंदवही ६-क. मृत व्यक्तीचे नाव आणि तिचे वारस येथे एकत्र सापडतात.

(४) वतनाचे कागद. वतनाच्या प्रश्नावर बाबासाहेबांच्या उपस्थितीत डिसेंबर १९३९ मध्ये आपल्या शेजारी हरेगाव येथे परिषद भरली होती. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. त्यानंतर जमिनी पुन्हा नावावर करून देताना जे फेरफार झाले, त्यांत भावा-भावांची नावे हमखास मिळतात.

(५) मिशनच्या नोंदी. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून सुरू झाले. आपल्या कित्येक घराण्यांची एखादी शाखा ख्रिस्ती आहे. धर्म वेगळा झाला तरी पणजोबा एकच आहेत. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत आई-वडिलांची नावे असतात.

(६) नोकरीचे कागद. पलटण, रेल्वे, गिरणी, साखर कारखाना येथील ओळखपत्रे आणि पेन्शनचे कागद.

शोधताना धर्म-जातीचा रकाना बदलत गेलेला दिसेल. १९५६ पूर्वी ‘हिंदू महार’ किंवा नुसते ‘महार’, नंतर कोठे ‘नवबौद्ध’, कोठे ‘बौद्ध’. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २७,८९,५०१ बौद्ध नोंदले गेले, तो हाच बदल. नावेही बदलतात. कोरेगाव भीमाच्या स्तंभावरील आपल्या शूर सैनिकांच्या नावांना ‘नाक’ हा शेवट आहे. घराण्यात असे नाव मिळाले तर ते झाकू नये.

नोंद कशी लिहावी

बँकेत व्हाउचरशिवाय नोंद होत नाही. घराण्याच्या वहीलाही हाच नियम लावावा. प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहाव्यात : कोणी सांगितले किंवा कोणत्या कागदावर आहे, कोठे आणि कोणत्या तारखेस. ऐकीव माहिती आणि कागदाची माहिती वेगळ्या रकान्यात ठेवावी. दोघांनी दोन नावे सांगितली तर दोन्ही लिहावीत. एक खोडू नये. चूक सापडली तर जुनी नोंद वाचता येईल अशी एक रेघ मारून दुरुस्ती करावी आणि तारखेसह सही करावी.

आणि कागदावरचे अक्षर बदलू नये. बाबासाहेबांचे साताऱ्याच्या शाळेतील नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे नोंदले गेले. रजिस्टरमधील क्रमांक १९१४. २०१७ पासून महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. ‘भिवा’ खोडून तेथे मोठे नाव लिहावे असे कोणाला वाटेल काय? ती नोंद जशी आहे तशीच आपल्याला मोलाची आहे. मग आपल्या ‘सख्या’लाही तोच न्याय लावावा. ‘सख्या’ असे लिहिणाऱ्याने आपली वृत्ती लिहून ठेवली आहे. तो पुरावा आपण का पुसावा? शेजारच्या रकान्यात ‘घरातील नाव : सखाराम’ असे लिहावे. मान तेथे द्यावा.

वाटावी कशी

एका घरात, एका कपाटात राहिलेली वही वाळवीची किंवा पुराची धनी होते. वर्षातून एकदा, १४ ऑक्टोबरला किंवा घरच्या एखाद्या लग्नकार्यात, भाऊबंदांनी आपापल्या वह्या समोरासमोर ठेवून ताळा करावा. मूळ कागद ज्याचा त्याच्याकडेच राहू द्यावा; झेरॉक्स किंवा मोबाईलवरील स्पष्ट फोटो सर्वांकडे असावा. कोणता कागद कोणाकडे आहे, याची एक यादी करावी. वडिलांकडील एका नातेवाइकाचे वैधता प्रमाणपत्र पुढच्या मुलांच्या प्रकरणात उपयोगी पडते. तेव्हा ते लपविणे म्हणजे आपल्याच लेकरांची वाट अडविणे होय.

मात्र सर्वच सर्वांना देऊ नये. हयात माणसांच्या जन्मतारखा, आधार क्रमांक, बँकेचे तपशील वाटू नयेत. कोणाच्या घरातील दुखरी गोष्ट त्याला विचारल्याशिवाय पसरवू नये. आणि आडनाव एक म्हणून कोणाला आपल्या वंशावळीत जोडून घेऊ नये. खोटी एक ओळ खऱ्या दहा ओळींवरचा विश्वास घालवते, हे मी रोज खतावणीत पाहतो.

त्या मुलीला प्रमाणपत्र मिळाले, प्रवेशही मिळाला. आता घराण्याची वही तीच सांभाळते. पहिल्या पानावर तिने ‘सख्या भाग्या’ असेच लिहिले आहे आणि शेजारी ‘आमचे सखाराम आजोबा’. खाली रजिस्टरचा क्रमांक आणि तारीख आहे. यंदाच्या वर्षी आपणही एक वही आणावी आणि घरातील सर्वांत थोरल्या माणसाजवळ बसावे, एवढीच विनंती.

जय भीम!