चाइल्ड सीटखालचं चामडं

चौक फाट्यावर शनिवारी सकाळी मुंबईच्या गाड्या दोन वाटांना लागतात. काही कर्जत-नेरळकडे वळतात, काही जुन्या महामार्गाने महडच्या वरदविनायकाला किंवा खोपोलीजवळच्या इमॅजिकाला निघतात. दहा-बारा वर्षांपूर्वी यांतल्या बहुतेक गाड्यांत लहान मूल आईच्या मांडीवर नाहीतर पुढे बाबांच्या शेजारी उभं दिसायचं. आता मागच्या काचेतून चाइल्ड सीटची कड दिसू लागली आहे आणि त्यात पट्टे लावून बसलेलं मूलही.

हा बदल फार मोलाचा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने कलम १९४-ब आलं. चौदा वर्षांखालच्या मुलाला सीटबेल्ट किंवा चाइल्ड सीट न लावता गाडी चालवली, तर त्यात एक हजार रुपये दंड आहे. दंडाहून मोठं कारण वेगळं आहे. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या आकडेवारीनुसार, नीट बसवलेल्या चाइल्ड सीटमुळे कारमधल्या एक वर्षाखालच्या बाळांच्या मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षांच्या मुलांचा ५४ टक्क्यांनी कमी होतो. खालापूर तालुक्याला चिरत जाणारा मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे २००२ साली पूर्ण खुला झाला. त्याच्या सपाट भागात कारला ताशी १०० किलोमीटरची मुभा आहे. त्या वेगात मांडीवरचं मूल हातांनी धरून ठेवणं कोणत्याही आईबापांच्या ताकदीबाहेरचं आहे.

तरीही ‘लेदर खराब होतं’ म्हणून चाइल्ड सीट माळ्यावर टाकणारे पालक या भागात भेटतात. काहीजण ती लावतात, पण चामडं वाचवायला खाली जाड गादी घालतात. पहिला मार्ग घातक आहेच, दुसराही धोक्याचा आहे. चामडं वाचवता येतं, मात्र चाइल्ड सीटची पकड कायम ठेवून.

एका पावसाळ्यात काय झालं

प्रस्तुत लेखकाच्या घरी हा विषय दिवाळीच्या साफसफाईत निघाला. पावसाळ्याच्या तोंडावर बसवलेली चाइल्ड सीट बाहेर काढली, तेव्हा फिक्या बदामी चामड्यावर चार तऱ्हेच्या खुणा होत्या. पुढच्या कडेला दोन खोल दाब. त्यांच्याभोवती बारीक ओरखडे, आणि ओरखड्यांत अडकलेली माती आणि चिवड्याचा चुरा. मधोमध जाळीच्या नक्षीचा काळपट, चिकट डाग. सीटच्या सांध्यात पांढरट-हिरवी बुरशी. खाली अंथरलेली काळी रबरी जाळी एका ॲक्सेसरीजच्या दुकानातून ‘सीट खराब होणार नाही’ या शब्दावर घेतलेली होती.

काळजीत टाकणारी गोष्ट मात्र चामड्यावर नव्हती. चाइल्ड सीट पुन्हा त्याच जाळीवर बसवून हलवून पाहिली, तर बेल्ट घट्ट असतानाही ती तीन-चार बोटं सरकत होती. कर्जत ते पनवेल, पनवेल ते पुणे असा सगळा पावसाळा मूल त्या सैल सीटमध्ये बसून फिरलं होतं.

त्यानंतर घरात बऱ्याच गोष्टी वाचल्या गेल्या, सीट कव्हर शिवणाऱ्या कारागिरांना विचारल्या गेल्या, करून पाहिल्या गेल्या. पुढचं सगळं त्यातून आलं आहे.

खुणा कशा पडतात

दाबाचं कारण सरळ आहे. चाइल्ड सीट आणि मूल यांचं मिळून वीसेक किलो वजन तळाच्या अरुंद कडांवर पेललं जातं, वर बेल्टचा ताण असतो. आतला फोम दबतो, त्यावरचं चामडं ताणलं जातं. हा दाब बराचसा उतरतो, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो.

ओरखडे दाबामुळे येत नाहीत, ते कणांमुळे येतात. भिवपुरीच्या धबधब्यावरून किंवा शेतघरावरून परतलेल्या मुलाच्या चपलांतली माती सीटखाली शिरते आणि प्रत्येक वळणावर चामड्यावर घासत राहते. खाली मॅट असली तरी कण तिच्याखाली जातातच, उलट तिथे ते दिसेनासे होतात.

चिकट डाग रसायनाचा असतो. स्वस्त रबर आणि पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्यं मिसळलेली असतात. ऊन आणि दाब मिळाला की ती बाहेर झिरपतात आणि चामड्याच्या वरच्या थरात उतरतात. असा डाग बहुधा पुसून जात नाही. गडद रंगाचा नवा टॉवेल अंथरला तर त्याचा रंगही तसाच उतरतो.

बुरशी तर इथल्या हवेची. कर्जत तालुक्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. दस्तुरी नाक्यापुढे माथेरानला मोटारी जात नाहीत, त्यामुळे गाडी दिवसभर तिथे धुक्यात उभी राहते आणि भिजलेली मुलं संध्याकाळी त्याच सीटवर येऊन बसतात. इमॅजिकाच्या वॉटर पार्कमधून ओल्या कपड्यांनी निघालं तरी तेच. हवा न लागणाऱ्या मॅटखाली ते पाणी कित्येक दिवस वाळत नाही.

हे चामडं कोल्हापुरीचं नव्हे

महाराष्ट्राला चामड्याची सवय आहे ती चपलेमुळे. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावतात. तिला तेल पाजलं की ते मुरतं, चप्पल मऊ पडते. म्हणून गाडीची सीट निस्तेज दिसली की घरातलं ज्येष्ठ माणूस खोबरेल तेलाची बाटली काढतं.

गाडीचं चामडं वेगळं. ते बहुधा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं, त्यावर रंगाचा आणि त्याच्याही वर पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर असतो. तेल त्यात मुरत नाही. ते वरच राहतं, धूळ धरतं आणि चाइल्ड सीटखाली निसरडं होतं. कपडे धुण्याचा साबण, फरशीचं क्लीनर, सॅनिटायझर आणि स्पिरिट यांनी तो वरचा थरच झिजतो. आपल्याकडच्या अनेक गाड्यांत तर ‘लेदर’ म्हणजे लेदरेट असतं, म्हणजे कृत्रिम चामडं, किंवा बसायच्या भागापुरतं चामडं आणि बाजूंना लेदरेट. गाडीच्या माहितीपुस्तिकेत हे लिहिलेलं असतं. लेदरेटला कंडिशनर चोळून फारसा फायदा नाही, पुसणं पुरेसं.

आधी पकड, मग चामडं

चाइल्ड सीट बसवल्यावर बेल्ट जिथून जातो तिथे ती दोन्ही हातांनी धरून बाजूला आणि पुढे-मागे हलवावी. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकली तर ती सैल आहे. खाली काहीही अंथरलेलं असो, हीच परीक्षा लागू.

जाड मॅटचा धोका इथेच आहे. बसवताना बेल्ट घट्ट वाटतो, पण धडकेत मॅटचा फोम क्षणात चेपतो आणि तेवढी ढील बेल्टमध्ये येते. म्हणून मॅट घेण्याआधी दोन पुस्तिका वाचाव्यात, गाडीची आणि चाइल्ड सीटची. चाइल्ड सीटच्या काही कंपन्या फक्त स्वतःचंच संरक्षक वापरायला सांगतात, काहींना पातळ कापड चालतं, काही खाली काहीच नको म्हणतात. पुस्तिका ‘नको’ म्हणत असेल तर चामडं उघडंच ठेवावं. मुभा असेल तर पातळ, फिक्या रंगाचं, एकदा धुऊन घेतलेलं सुती कापड एका पदरात, सुरकुती न ठेवता अंथरावं. बेल्टच्या किंवा आयसोफिक्सच्या वाटेत ते येता कामा नये.

आयसोफिक्स म्हणजे मागच्या सीटच्या पाठ आणि बैठक यांच्यामधल्या लोखंडी कड्या. चाइल्ड सीटचे धातूचे दांडे त्यांत अडकवताना सांध्यावरचं चामडं खरचटतं. त्यासाठी प्लास्टिकचे गाईड मिळतात, बऱ्याच सीटसोबत येतातच. ते लावले की दांडा अंधारात चाचपडत नाही. आधाराचा पाय असलेली सीट असेल, तर तो पाय गाडीच्या टणक तळावर टेकलेला हवा.

बेल्टने बसवायच्या सीटवर काहीजण गुडघा देऊन सगळं अंग टाकतात. हाताने दाबून बेल्ट ओढला तरी बहुतेक सीट पुरेशा घट्ट बसतात, आणि दाबाच्या खुणा उथळ राहतात. सीट मध्ये बसवणं गाडीला चालत असेल, तर अधूनमधून जागाही बदलता येते.

पूर्ण सीट कव्हर शिवून घेण्याचा सल्लाही मिळतो. ज्या गाडीत बाजूच्या एअरबॅग सीटच्या पाठीत असतात, तिथे त्यांची वाट अडवणारं कव्हर घालू नये. पुढच्या सीटच्या पाठीवर मुलाच्या बुटांचे ठसे उमटू नयेत म्हणून लावायचा पातळ पडदा मात्र निर्धोक आहे. तो ताणून बांधावा, लोंबता ठेवू नये.

आणि मोठ्यांचे पट्टे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. मागे बसलेल्यांनी पट्टे लावले नव्हते, हे पोलिसांच्या तपासात पुढे आलं. मुलाशेजारी बिनपट्ट्याने बसलेली आजी धडकेत मुलावरच आदळू शकते. चाइल्ड सीट बसवताना शेजारचं बक्कल तिच्याखाली गाडलं गेलं नाही ना, तेही पाहावं.

पाऊस, ऊन आणि खाऊ

पावसाळ्यात दर पंधरवड्याला आणि एरवी महिन्यातून एकदा चाइल्ड सीट पूर्ण काढावी. खालचा चुरा व्हॅक्यूमने ओढावा, ओलसर मायक्रोफायबरने पुसावं, दारं उघडी ठेवून वारा लागू द्यावा. रात्रभर सीट बाहेर राहिली तर फोमही वर येतो. भिजलेल्या मुलाला आधी पुसून कोरडे कपडे घालावेत. चाइल्ड सीटच्या खाली टॉवेल घालण्यापेक्षा हे सोपं पडतं. बुरशी दिसलीच, तर नाकाला मास्क लावून, गाडी बाहेर उभी करून कोरड्या कापडाने काढावी, मग चामड्याच्या क्लीनरने पुसून वाळवावं.

उन्हाळ्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो. कर्जत स्टेशनबाहेर गाडी लावून लोकल पकडणाऱ्यांची गाडी दिवसभर तापते. बंद गाडीत चढणाऱ्या उष्णतेचा बराच मोठा भाग पहिल्या अर्ध्या तासातच चढतो. चामडं सुकतं, रबर झिरपतं, आणि चाइल्ड सीटचं धातूचं बक्कल मुलाच्या मांडीला पोळवतं. काचेला पडदा लावावा, सीटवर फिकं कापड टाकून ठेवावं, मूल बसवताना ते काढावं आणि बक्कलला आधी आपला हात लावून पाहावा. ‘पाचच मिनिटं’ म्हणूनही मुलाला बंद गाडीत ठेवू नये.

खाऊचे डाग पडणारच. ठाकर-कातकरी बायका रस्त्याकडेला जांभळं आणि करवंदं विकायला बसतात, आणि ती मुलांना द्यायलाच हवीत. जांभळाचा रस लगेच टिपून घ्यावा, चोळू नये, मग कापडावर थोडं क्लीनर घेऊन पुसावं. वडापावचं तेल आधी कोरड्या कापडाने टिपावं. दूध किंवा ओकारी शिवणीत उतरली की वास राहतो, त्यामुळे मऊ ब्रशने शिवणीच्या दिशेने साफ करावं. सीटला बारीक छिद्रं असतील, तर क्लीनर थेट सीटवर फवारू नये. राहिलेल्या चुऱ्यामागे मुंग्या येतात, मुंग्यांमागे पावसाळ्यात उंदीरही, आणि उंदीर फोमसोबत वायरीही कुरतडतात.

चाइल्ड सीटचे पट्टे मात्र मशीनमध्ये धुऊ नयेत, ब्लीच लावू नये. सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून सावलीत वाळवावेत, नाहीतर त्यांचा धागा कमकुवत होतो.

दाबाची खूण उरली असेल, तर सीट काढून काही दिवस वाट पाहावी. मग हेअर ड्रायर मंद ठेवून, सतत हलवत, हाताला सोसेल इतपतच ऊब द्यावी आणि बोटांनी चोळावं. बरीचशी खूण जाते. रसायनाचा काळा डाग मात्र कारागीरच रंगाचा थर देऊन झाकू शकतो. प्रस्तुत लेखकाच्या गाडीतला तो डाग अजून आहे. चाइल्ड सीट आता थेट चामड्यावर बसते, आणि हलवली तर जागची हलत नाही.

नवी गाडी घ्यायचा विचार असेल, तर बुकिंगआधी घरची चाइल्ड सीट शोरूममध्ये घेऊन जावी. आयसोफिक्सच्या कड्या हाताला लागतात का, सीट मागे वळवून बसते का, पुढच्या माणसाचे गुडघे अडतात का, हे तिथेच बसवून पाहावं. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपच्या गाडी-सुरक्षा चाचण्या सुरू झाल्या आहेत. त्यांत मुलांच्या सुरक्षेला वेगळे तारे दिले जातात, ते विचारावेत. चाइल्ड सीटवर एआयएस-०७२ किंवा युरोपच्या आर-४४, आर-१२९ मानकाचं लेबल आहे का, तेही पाहून घ्यावं. बसायच्या भागाचं चामडं खरं आहे की लेदरेट, हा प्रश्न त्यानंतर विचारावा.