मधला वर्ग आणि मधला माणूस

न्यू जर्सीत कमावती वर्षे घालवून निवृत्त झालेल्या आम्हां मराठी मंडळींत अलीकडे समुद्रपर्यटनाची आवड बरीच वाढली आहे, आणि त्याचे कारणही उघड आहे: सामानाची बांधाबांध एकदाच करावयाची, खोली एकच, आणि सकाळी उठून पाहावे तो गाव मात्र नवे. परंतु जहाज भूमध्य समुद्रात आणि प्रवासी नेवार्कच्या आसपास, अशी वस्तुस्थिती असल्यामुळे या सुखाच्या अलीकडे आणि पलीकडे अटलांटिक ओलांडणारा एकेक विमानप्रवास उभा असतो. आणि साठी उलटलेल्या गुडघ्यांना जहाजावरच्या आठ दिवसांपेक्षा विमानातल्या आठ तासांचीच धास्ती अधिक वाटते.

आमची सफर रोमजवळच्या चिवितावेक्किया बंदरात सुरू होऊन अथेन्सच्या पिरेयस बंदरात संपणार होती. जाताना रोमला उतरावयाचे आणि परतताना अथेन्सहून निघावयाचे, अशा दोन टोकांच्या तिकिटाचा खुल्या बाजारातील भाव पुष्कळदा अंगावर येतो. त्यामुळे क्रूझ कंपनीनेच जहाजाच्या जोडीला विमानाचे तिकीटही माफक दरात देऊ केले, तेव्हा ते नाकारण्याचे आम्हांला काही प्रयोजन दिसले नाही. वाटेत विमानाला विलंब होऊन जहाज सुटलेच, तर पुढच्या बंदरात गाठून देण्यास आम्ही साहाय्य करू, असा दिलासाही त्या व्यवस्थेत अंतर्भूत होता, आणि तो खोटा नव्हता, हे प्रारंभीच नमूद करतो. तक्रार आहे ती निराळ्याच गोष्टीची. साध्या इकॉनॉमीऐवजी प्रीमियम इकॉनॉमीत, म्हणजे त्या मधल्या वर्गात बसण्याची आमची इच्छा, आणि ती पुरी करताना आड आलेला मधला माणूस, यांची ही हकिकत आहे.

मधल्या वर्गाविषयी दोन शब्द आधी सांगितले पाहिजेत, कारण त्याच्या नावाचा घोळ फार आहे. तैवानच्या ईव्हीए एअरने आणि इंग्लंडच्या व्हर्जिन अटलांटिकने १९९२ च्या सुमारास हा वर्ग रूढ केला. ब्रिटिश एअरवेजने तो २००० साली आणि लुफ्तान्साने २०१४ साली आणला, अमेरिकी कंपन्यांनी त्याहूनही उशिरा, आणि आपल्या देशात विस्तारा कंपनीने २०१५ मध्ये. यात आसन रुंद असते, पाठ अधिक कलते, दोन रांगांतील अंतर एरवीच्या ३१-३२ इंचांऐवजी ३८ इंचांच्या आसपास असते, आणि बहुतेक कंपन्या एकाऐवजी दोन नग सामान नेऊ देतात, जे जहाजावरच्या समारंभी भोजनांसाठी साड्या आणि सूट घेऊन निघालेल्या दांपत्याला उपकारक ठरते. याउलट, अमेरिकी कंपन्या पाय पसरण्यास थोडी अधिक जागा असलेल्या साध्याच आसनांनाही असेच भारदस्त नाव देऊन विकतात. तेथे आसन तेच, जेवण तेच, फक्त गुडघ्यांपुढे तीन-चार इंच मोकळे. फोनवरचा विक्रेता ‘प्रीमियम’ हा शब्द उच्चारतो तेव्हा त्याला यांपैकी कोणती वस्तू अभिप्रेत आहे, याची खातरजमा केल्यावाचून पुढे जाऊ नये.

आता मुख्य मामल्याकडे वळतो. क्रूझ कंपन्या विमान कंपन्यांशी घाऊक दराचे करार करून ठेवतात आणि त्या करारान्वये मिळणारी तिकिटे प्रवाशांना विकतात. जोडीला खुल्या बाजाराच्या भाड्याची तिकिटेही त्यांच्याकडे असतात. वरकरणी दोन्हींत फरक दिसत नाही. विमान तेच, वेळ तीच. परंतु घाऊक दराच्या तिकिटावर वर्ग बदलणे, मैलांचे गुण खर्चून वरच्या वर्गात जाणे, किंबहुना काही वेळा आसन निवडणेदेखील निषिद्ध असू शकते, आणि हा निषेध प्रवाशाच्या हाती येणाऱ्या कागदावर ठळकपणे छापलेला नसतो. शिवाय आरक्षण निराळे आणि तिकीट निराळे. सहा अक्षरी पीएनआर तत्काळ मिळतो आणि प्रवासी निश्चिंत होतो. वास्तविक ती जागा राखून ठेवल्याची नोंद मात्र असते. पैसे पोचल्याचा खरा दस्तऐवज म्हणजे तेरा आकडी क्रमांकाचे तिकीट, ज्याचे पहिले तीन आकडे विमान कंपनीची ओळख सांगतात; आणि ते क्रूझ कंपनी पुष्कळदा अखेरचा हप्ता वसूल झाल्यानंतर, प्रस्थानाला काही आठवडे उरले असताना काढते. तोवर जमीन कसणारा आपण आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे, अशीच अवस्था असते: विमान कंपनीच्या लिपिकाला आपले नाव पडद्यावर दिसते, परंतु त्या नोंदीला हात लावण्याचा अधिकार त्याला नसतो.

आम्हांला याचा प्रत्यय आला तो असा. विमान कंपनीकडे मधल्या वर्गाची चौकशी केली, तेव्हा तेथील बाईंनी अत्यंत सौजन्याने सांगितले की, आरक्षण एजंटाचे आहे, त्यांच्याकडेच जावे. क्रूझ कंपनीकडे गेलो, तेव्हा तेथील गृहस्थांनी तितक्याच सौजन्याने सांगितले की, भाडे करारातील असल्यामुळे वर्ग बदलता येणार नाही. सबंध तिकीट रद्द करून नवे घ्यावयाचे, तर त्याची तजवीज होईल, मात्र त्या दिवसाच्या भावाने. तिकीट निघाल्यावर विमान कंपनीकडे पुन्हा चौकशी केली, आणि या वेळी जाण्याच्या सागरी टप्प्यावर मधल्या वर्गातील दोन जागा जादा रक्कम भरून देऊ, असे उत्तर मिळाले. क्रूझ कंपनीला हे कळवले. तिने हरकत घेतली नाही. रक्कम क्रेडिट कार्डाने भरली, पावती आली, आसनांचे क्रमांकही बदलून आले. कोणत्याही सुबुद्ध माणसाने एवढ्यावर विश्वासच ठेवला असता.

पुढे विमान कंपनीने वेळापत्रक बदलले. युरोपात ज्या स्थानकावर आम्ही विमान बदलणार होतो, तेथून रोमला जाणारे विमान चुकण्याचा संभव निर्माण झाला, म्हणून क्रूझ कंपनीच्या विमान विभागाने स्वतःहून, आणि तिच्या दृष्टीने तत्परतेने, आम्हांला दुसऱ्या जोडणीवर घालून तिकीट नव्याने काढून दिले. हे नवे तिकीट मूळ भाड्याचे, म्हणून मूळ वर्गाचे. आम्ही भरलेली जादा रक्कम तिकिटात नव्हतीच. ती एका स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक पावतीवर होती, आणि ती पावती जुन्या तिकिटाला जोडलेली होती. जुने तिकीट रद्द होताच पावती निराधार झाली, याची वर्दी ना त्या दफ्तराने आम्हांला दिली ना या दफ्तराने. नवा कार्यक्रम पाठवणाऱ्या पत्रात तारखा, वेळा आणि विमानांचे क्रमांक होते. वर्गाच्या जागी एक इंग्रजी अक्षर मात्र होते. नेवार्कच्या खिडकीवर उभे राहिलो तेव्हा आमच्या नावापुढे साधा वर्ग होता आणि मधला वर्ग भरून गेलेला होता.

तेथे बराच वेळ जाबसाल झाला. विमान कंपनीचे म्हणणे, तिकीट क्रूझ कंपनीने बदलले, त्यांना विचारा. क्रूझ कंपनीचे फोनवरचे म्हणणे, जादा रक्कम आम्ही घेतलीच नाही, विमान कंपनीला विचारा. हा संवाद ऐकून आमच्या सौ. शांतपणे म्हणाल्या, “अहो, हे म्हणतात त्यांना विचारा, ते म्हणतात यांना विचारा, मग आपण पैसे नक्की दिले कुणाला?” पुढे कागदपत्रे चाळताना ध्यानात आले की, साऱ्या कायद्याचा गाभा त्या एका प्रश्नात सामावलेला होता.

अमेरिकेच्या परिवहन खात्याने २०२४ साली परताव्याचे जे नियम जारी केले, त्यांत जबाबदारी ठरवण्याची कसोटी हीच आहे: प्रवाशाच्या कार्डाच्या हिशेबपत्रकावर विक्रेता म्हणून ज्याचे नाव छापले जाते, त्याने रक्कम परत करावी, कार्डाने भरली असल्यास कामकाजाच्या सात दिवसांत, अन्य मार्गाने भरली असल्यास वीस दिवसांत. पैसे घेऊन न पुरवलेल्या जादा सेवेचे शुल्कही परताव्यास पात्र ठरते. आमच्या हिशेबपत्रकावर मूळ भाड्यापुढे क्रूझ कंपनीचे आणि जादा रकमेपुढे विमान कंपनीचे नाव होते. तो उतारा जोडून विमान कंपनीकडे लेखी अर्ज केला, तेव्हा एजंटाचा मुद्दा पुन्हा कोणी काढला नाही आणि रक्कम परत आली. आठ तासांचा आखडलेला प्रवास अर्थातच परत आला नाही. त्याची भरपाई सांगणारे कलम त्या नियमांत नाही.

युरोपच्या नियमाचाही येथे निर्देश करतो, कारण त्यातील अडचण क्रूझच्या तिकिटांपुरती विशेष आहे. युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार, तिकिटाच्या वर्गाहून खालच्या वर्गात बसवल्यास अंतरानुसार तिकिटाच्या किमतीच्या ३०, ५० किंवा ७५ टक्के रक्कम सात दिवसांत परत करावी लागते; ३,५०० किलोमीटरांहून लांबच्या सागरी टप्प्याला ७५ टक्के लागू होतात. ही किंमत फक्त त्या टप्प्याची धरावी, सबंध प्रवासाची नव्हे, असा निवाडा युरोपीय न्यायालयाने २०१६ साली दिला. भारतातही नागरी विमान महासंचालनालयाने फेब्रुवारी २०२३ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी हेच टक्के लागू केले आहेत, आणि तेथे करही हिशेबात धरले जातात, ही गोष्ट मुंबईहून निघणाऱ्या वाचकांनी लक्षात ठेवावी. परंतु घाऊक दराच्या तिकिटावर भाड्याच्या रकान्यात रक्कमच छापलेली नसते. तेथे करारी भाड्याचे दर्शक अक्षर असते. ज्याची किंमत कागदावर नाही, त्याचे ७५ टक्के काढावयाचे कशाचे? म्हणून क्रूझ कंपनीच्या बिलात विमानभाडे वेगळे दाखवून घ्यावे. जहाजाच्या भाड्यात मिसळलेले असेल, तर पृथक् आकडा लेखी मागावा.

ज्यांना मधल्याच वर्गात बसावयाचे आहे, त्यांनी तशी मागणी अगदी प्रारंभी, तिकीट निघण्यापूर्वी, क्रूझ कंपनीकडेच करावी आणि मूळ तिकीटच त्या वर्गाचे घ्यावे. तिचा मधल्या वर्गाचा भाव खुल्या भावाहून जास्त निघाला, तर तिच्याकडून फक्त जहाज घ्यावे आणि विमान स्वतः पाहावे, हे माझे स्पष्ट मत आहे. साधे तिकीट तिचे आणि वरची भर विमान कंपनीची, हा मिश्र मार्ग सर्वांत स्वस्त दिसतो. जोवर कोणी वेळापत्रकाला हात लावीत नाही, तोवर तो सुरळीतही चालतो. पण सागरी उड्डाणांची वेळापत्रके सहा महिन्यांत न बदलणे हाच अपवाद. त्या मार्गाने जाणे भागच असेल, तर नवा कार्यक्रम येईल तेव्हा प्रत्येक वेळी विमान कंपनीकडे वर्गाची चौकशी करावी. आसनक्रमांकावर विसंबू नये आणि अक्षरावरही नाही, कारण एका कंपनीत डब्ल्यू म्हणजे मधला वर्ग, तर दुसरीत तेच अक्षर साध्या वर्गाचे असते. युरोपातल्या युरोपात उडणाऱ्या छोट्या विमानांत बहुधा मधला वर्ग नसतोच. तेव्हा रोमपर्यंतच्या दुसऱ्या टप्प्यावर साधे आसन दिसल्यास तो फसवणुकीचा पुरावा समजू नये.

स्वतः तिकीट घेणाऱ्याला एक कायदेशीर लाभही आहे. प्रस्थानाला सात किंवा अधिक दिवस असताना विमान कंपनीकडून थेट घेतलेले तिकीट अमेरिकेत चोवीस तासांच्या आत दंडाविना रद्द करता येते, अथवा कंपनी तेवढा वेळ भाव राखून ठेवते. हा नियम विमान कंपन्यांपुरता आहे. क्रूझ कंपनीवर तो बंधनकारक नाही. मात्र स्वतंत्र तिकिटाने निघणाऱ्याला जहाज चुकल्यास पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते, आणि विमानतळावरून चिवितावेक्कियाला पोचण्यासही तासाहून अधिक वेळ लागतो; म्हणून एक दिवस आधी पोचून रात्र रोमला काढावी.

क्रूझ कंपनीकडूनच तिकीट घेतले असेल, तर अखेरचा हप्ता भरण्यापूर्वी तिला तीन प्रश्न लेखी विचारावेत: भाडे करारातील की खुल्या बाजारातील, तिकीट कोणत्या तारखेस निघेल, आणि नंतर विमान कंपनीकडे भरलेली जादा रक्कम तिकीट नव्याने निघाल्यास टिकेल की नाही. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लेखी मिळेपर्यंत विमान कंपनीकडे कार्ड पुढे करू नका.