दोन लाइनचा फोन घेण्याआधी भिंतीवरची डबी उघडा

घरून काम करणाऱ्याला दोन लाइनचा वायरवाला फोन हवा असेल, तर त्याने आधी स्वतःच्या भिंतीवरची टेलिफोनची डबी उघडून बघावी. फोनवर बटणं किती, स्पीकर कसा, हे सगळं नंतरचं. टेबलापर्यंत तारांच्या जोड्या किती पोचल्यात, त्यावर बाकीचं अवलंबून असतं.

मी करसल्लागार. ऑफिस म्हणजे डोंबिवलीच्या घरातली रस्त्याकडची खोली. तळमजल्यावर मोबाइलला धड रेंज नाही, आणि माझे बरेच क्लायंट साठी ओलांडलेले. त्यांना लँडलाइनवर शांतपणे बोलायला आवडतं. एक नंबर घरचा, एक कामाचा. रिटर्न भरायची ३१ जुलै जवळ आली की दोन्ही एकदम वाजायला लागतात, म्हणून एकाच फोनवर दोन्ही लाइन घ्यायच्या ठरवल्या. असे फोन आपल्याकडे दुकानात क्वचितच दिसतात. अमेरिकेत घरगुती ऑफिसांसाठी त्यांची बरीच मॉडेलं निघाली. न्यू जर्सीहून सुट्टीवर येणाऱ्या भाच्याने एक आणला.

जोडला, तर लाइन २ मुकी. फोन चांगला होता, फरक वायरिंगमध्ये होता. तिकडे एकाच वायरीतून चार तारा येतात: मधल्या दोन पहिल्या लाइनच्या, कडेच्या दोन दुसऱ्या लाइनच्या. वायरीच्या टोकाची पारदर्शक क्लिप उजेडात धरली की आतल्या पिवळ्याधमक पट्ट्या दोन आहेत की चार, हे डोळ्यांनी मोजता येतं. आपल्याकडे बहुतेक घरांत प्रत्येक नंबरची जोडी वेगळी येते आणि वेगळ्या डबीत संपते. माझ्या कामाच्या नंबरची डबी टेबलाजवळ, घरच्या नंबरची स्वयंपाकघराच्या दाराशी. लाइनमनने झाकण काढून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाखवलं: लाल आणि हिरवी तार स्क्रूखाली आवळलेली, काळ्या-पिवळ्याच्या जागी नुसती धूळ. “वहिनी, इथे दुसरी लाइन आलेलीच नाही, फोन बिचारा काय करणार?” त्यांनी स्वयंपाकघराकडून नवी वायर ओढून दिली. फोनच्या मागे दोन खाचा होत्या, एक दोन्ही लाइनसाठी, दुसरी फक्त लाइन २ साठी. त्यामुळे दोन साध्या वायरींत काम भागलं. घेताना मागच्या या दोन खाचा जरूर बघा. एकच खाच असेल, तर दोन जोड्या एकत्र करणारा वेगळा जोड शोधत बसावं लागतं.

अडॅप्टरवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असं छापलेलं होतं. आपल्या प्लगमध्ये २३० व्होल्ट. लेबल आधी वाचलं म्हणून अडॅप्टर वाचला, पण त्याच्यासाठी व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागला. १०० ते २४० लिहिलेलं असेल तर ही भानगड नाही.

कॉलर आयडी मात्र शेवटपर्यंत आला नाही. अमेरिकन फोन पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधे, एफएसके पद्धतीने येणाऱ्या नंबरची वाट बघतो. आपल्याकडे कित्येक लाइनवर नंबर डीटीएमएफ पद्धतीने येतो, आणि तो त्या फोनला वाचताच येत नाही. खोक्यावर दोन्ही पद्धतींचा उल्लेख असेल तरच नंबर दिसेल असं धरा. ज्यांचा धंदाच परत फोन करण्यावर चालतो, त्यांनी या एका कारणासाठी परदेशी फोन नाकारला तरी चालेल.

आता होल्डबद्दल, कारण ते थेट क्लायंटच्या विश्वासावर येतं. एका लाइनवर बोलत असताना दुसरीचं बटण दाबलं, तर काही फोन पहिला कॉल आपोआप होल्डवर टाकतात, काही तो सरळ तोडतात. आमचा तोडणारा निघाला. उत्पन्नाचे आकडे सांगत असलेले एक निवृत्त शिक्षक वाक्याच्या मध्यात गेले, आणि नंतर त्यांची समजूत काढायला बराच वेळ लागला. विकत घेताना हे विचाराच, आणि शक्य असेल तर दोन मोबाइलवरून फोन करवून बघा. कॉन्फरन्सचं बटण होल्डला चिकटून असेल तर ते मॉडेल घेऊ नका. ते चुकून दाबलं गेलं, तर एका क्लायंटचा पगार दुसऱ्याच्या कानावर जातो. शिवाय कामाच्या लाइनवर घरात दुसरा फोन जोडलेला नको. स्वयंपाकघरात कोणी नुसता रिसीव्हर उचलला तरी सगळं संभाषण ऐकू येतं. ते आपलेच लोक असतात हे खरं, पण क्लायंटने माहिती आपल्याला दिलेली असते, घराला नाही.

फोनच्या मेमरीत नंबर साठवताना एक ध्यानात ठेवा: १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला लावताना आधी शून्य लागतं. आणि टेलिफोन कंपनीकडे हंटिंगची सोय आहे का, हे विचारून घ्या. एक नंबर गुंतलेला असला की कॉल आपोआप दुसऱ्यावर जातो, क्लायंटना एकच नंबर द्यावा लागतो.

तांब्याची तार असेपर्यंत साधा फोन एक्स्चेंजकडून येणाऱ्या ४८ व्होल्टवर चालतो, घरातली वीज गेली तरी. दोन लाइनच्या फोनचे दिवे, डिस्प्ले, स्पीकर सहसा अडॅप्टरवर किंवा सेलवर असतात. वीज गेल्यावर दोन्ही लाइनवर बोलता येतं की एकाच, हे पुस्तिकेत बघा. फायबर घेणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. फोन घरातल्या फायबरच्या डब्यातून निघतो, वीज गेली की डबा बंद आणि दोन्ही लाइन बंद. त्या डब्यावर फोनच्या दोन खाचा दिसल्या तरी दुसरीवर नंबर सुरू करून मिळतोच असं नाही. जुनी तार परत करण्याआधी हे लेखी घ्या, आणि डबा इन्व्हर्टरच्या पॉइंटवर लावा, फोनचा अडॅप्टरही तिथेच.