माल आधी हातात घे, फोटो नंतर काढ

सोलापूर

चि. मैत्रेयीस,


परदेशातल्या मराठी घरांसाठी सोलापुरातून खरेदी करून माल पाठवायचं काम तू सुरू केलंस, हे दादाकडून कळलं. डब्लिन, न्यू जर्सी, मेलबर्नच्या बायका तुला चादरी, टॉवेल, कुर्ते, कोल्हापुरी चपला सांगतात. तू बार्शीहून येऊन चाटी गल्ली, नवी पेठ पालथी घालतेस, फोटो पाठवतेस आणि पार्सल करतेस. काम चांगलं आहे आणि तुला झेपेल. माझी उमेदीची वर्षं टॉवेलच्या कारखान्यात चेकिंग खात्यात गेली, म्हणून काही गोष्टी लिहून पाठवते. फोनवर सांगितलेलं राहत नाही; हे जवळ ठेव.

आधी पैशाचं. गिऱ्हाईक तुला किमतीवर जे टक्के देतं, ते दुकानापर्यंत चालत जाण्याचे नाहीत. दुकान त्यांना मोबाइलवरही दिसतं. वस्तूला हात लावता येत नाही म्हणून ते तुला पैसे देतात. तेव्हा दुकानदाराकडून एक रुपयाही कमिशन घेऊ नकोस. दोन्हीकडून पैसे घेणाऱ्याला डाग दिसेनासे होतात. आमच्याकडे परदेशी खरेदीदारांच्या एजंटांचे इन्स्पेक्टर यायचे. त्यातले चांगले होते ते मालकाच्या घरचं जेवणसुद्धा टाळायचे, आणि त्यांच्या शब्दाला वजन होतं ते त्यामुळेच.

पण त्यांची रीत जशीच्या तशी उचलू नकोस. 501 ते 1200 नगांच्या लॉटमधून ते 80 नग काढायचे. त्यात मोठे दोष पाचपर्यंत निघाले तर लॉट पास, सहावा सापडला की नापास. कंटेनरभर मालाला हा हिशेब ठीक आहे. तुझ्या गिऱ्हाइकाच्या हातात मात्र एकच टॉवेल पडणार, आणि तो खराब निघाला तर तिच्यापुरता सगळाच माल खराब. तू प्रत्येक नग उलगडून बघायचास. परत पाठवणं तर विसरच. 29 ऑगस्ट 2025 पासून अमेरिकेने 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलांची जकातमाफीही बंद केली. गिऱ्हाईक वस्तूची किंमत देतं, टपालखर्च देतं आणि वर जकात भरतं. इतकं सगळं भरून घेतलेल्या टॉवेलचा काठ पहिल्या धुण्यात उसवला, तर ती बाई पुन्हा तुझ्याकडे कशाला येईल?

टॉवेल घेताना वजनकाटा जवळ ठेव. दुकानदार म्हणतो 500 जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरला 500 ग्रॅम. टॉवेल 75 सेंटिमीटर रुंद आणि 150 लांब असेल, तर क्षेत्रफळ 1.125 चौरस मीटर; म्हणजे तो साधारण 560 ग्रॅम भरायला हवा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. 480 भरला, तर तो सव्वाचारशे जीएसएमचा माल आहे आणि दरही त्याचाच लागला पाहिजे. कापूस हवेतला ओलावा घेतो, त्यामुळे पावसाळ्यात वजन थोडं चढतं आणि आपल्या मे महिन्यात उतरतं. वीस-पंचवीस ग्रॅमवरून कुणाशी भांडू नकोस. ऐंशीचा फरक हवामानाने पडत नाही.

मऊपणाला भुलू नकोस. नव्या टॉवेलचा मऊपणा पुष्कळदा सिलिकॉनच्या सॉफ्टनरचा असतो आणि तसला टॉवेल पाणी टिपत नाही. एक नग स्वतःच्या खर्चाने घे आणि त्यावर पाण्याचा थेंब सोड. थेंब वर तसाच उभा राहिला, तर दोन-तीन धुण्यांनंतर टॉवेल टिपायला लागेल असं गिऱ्हाइकाला आधीच कळव. मग तळवा दोन्ही दिशांनी फिरव. ओढली गेलेली लूप हाताला लगेच लागते. ती ओढू नको, कात्रीने काप. शेवटी चारही कोपरे बघ. शिलाई तिथेच सुटते.

सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. तरीही पानिपतहून आलेली चादर सोलापुरी म्हणून विकली जाते. आपली चादर जेकार्डवर विणलेली असते: नक्षी दोन्ही बाजूंना दिसते आणि मागे रंगांची अदलाबदल होते. एकाच बाजूला छापलेलं फूल दिसलं की चादर खाली ठेव. दशीतला एक धागा मागून घे आणि बाहेर येऊन पेटव. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो, राख बोटात चुरते. पॉलिस्टर वितळून टोकाला कडक मणी धरतं. लाल, मरून, गर्द निळ्या रंगावर ओला पांढरा रुमाल दाबून दहा वेळा घास. रुमाल रंगला तर ती चादर इतर कपड्यांबरोबर मशिनमध्ये जाता कामा नये, आणि तिकडे सगळं मशिनमध्येच जातं. हे सगळं उजेडात कर. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे निघतात, म्हणून माल दुकानाच्या पायरीवर आणून बघ.

कुर्ते, शर्ट यांचं फार लिहीत नाही. लेबलावरच्या मापावर जाऊ नकोस, टेप लाव: छाती, खांदा, लांबी. उलटं करून शिवण दोन्ही हातांनी ताण. टाक्यांत फट पडली तर घेऊ नको. बटणं ओढून बघ.

चपलांत मात्र सगळ्यात जास्त फसगत होते. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये मानांकन मिळालं. त्यात कोल्हापूर, सांगली, साताऱ्याबरोबर आपला सोलापूर जिल्हा आहे आणि कर्नाटकातले चार जिल्हेही आहेत. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तशाच चपला दाखवल्या आणि मोठा वाद झाला. आता परदेशातली मुलंही नाव घेऊन कोल्हापुरी मागतात. म्हणून ती खरीच गेली पाहिजे. अस्सल चपलेचं चामडं बाभळीची साल, हिरडा यांनी कमावलेलं असतं आणि शिवण चामड्याच्याच वादीची असते, खिळ्यांची नाही. टाचेची कड उन्हात धरून बघ. चामड्याचे थर तंतुमय दिसतात आणि नख लावलं तरी दबत नाहीत. मधे पुठ्ठा भरला असेल, तर नखाने भुरभुरतो. दोन्ही चपला टाचेला टाच लावून उभ्या कर. लांबी, पट्ट्यांची उंची आणि रंग एकत्र दिसतो. हाताच्या कामात टाका जरा वाकडा असेल तर तो दोष नव्हे, तसं गिऱ्हाइकालाही सांग. टाका सैल असेल तर दोष. दोष दाखवून कारागिराचा भाव पाडू नकोस. दुसरा जोड माग आणि ठरलेला पैसा दे.

नंबरावर तर मुळीच विसंबू नकोस. आपल्याकडचा नंबर बहुधा ब्रिटिश मापाचा असतो आणि अमेरिकन पुरुषांचा नंबर त्याहून साधारण एकाने मोठा. गिऱ्हाइकाला सांग, संध्याकाळी पाय कागदावर ठेवून पेन्सिल उभी धरून आख आणि लांबी सेंटिमीटरमध्ये कळव. पाय संध्याकाळी थोडा पसरलेला असतो.

फोटो यानंतर काढ. नुसता शोभेचा फोटो पाठवू नकोस. काट्यावरचा आकडा, टेपवरचं माप आणि असलेला दोष जवळून दिसू दे. दोष सांगून गिऱ्हाइकाचा होकार आल्याशिवाय पार्सल बंद करू नकोस. ऑर्डर गेली तर जाऊ दे.

आणि एक तातडीचं. पावसाळ्यात दमट चामडं प्लॅस्टिकमध्ये बंद केलं की वाटेतच बुरशी धरतं. तू चपलांच्या ज्या ऑर्डरी घेतल्या आहेस, त्या गिऱ्हाइकांना आजच कळव की जोड दसऱ्यानंतर निघतील.

तुझी,
आत्या